संदर्भलेखन (साहित्यविषयक निबंध)

साहित्यविषयक निबंधातील संदर्भलेखन म्हणजे एखाद्या साहित्यकृतीविषयी लिहिताना आधारासाठी घेतलेला मजकूर, मत किंवा माहिती नेमकी कोठून घेतली, हे ठरावीक पद्धतीने नोंदवणे होय. या नोंदीचे दोन भाग असतात. निबंधाच्या ओघात, आधार जेथे वापरला तेथेच दिलेल्या त्रोटक उल्लेखाला 'निर्देश' म्हणतात. निबंधाच्या शेवटी दिलेल्या सविस्तर यादीला 'संदर्भसूची' म्हणतात. निर्देश वाचकाला सूचीतील नोंदीकडे नेतो आणि सूचीतील नोंद त्याला मूळ ग्रंथाकडे नेते. या दोहोंपैकी एक जरी अपुरा असला, तरी वाचकाला मूळ मजकुरापर्यंत पोहोचता येत नाही.

शालेय व महाविद्यालयीन निबंध, प्रकल्प, लघुप्रबंध आणि शोधप्रबंध या सर्व लेखनप्रकारांत संदर्भलेखन अपेक्षित असते. विरामचिन्हांचे व क्रमाचे नियम पद्धतीनुसार बदलतात. परंतु निबंधात मांडलेले विधान वाचकाला स्वतः पडताळता यावे, हे सर्व पद्धतींमागील तत्त्व एकच आहे.

== प्रयोजन ==

साहित्यविषयक निबंधात पुराव्याचे स्थान मुख्यतः साहित्यकृतीच्या शब्दांना असते. एखादे पात्र एकाकी आहे, एखाद्या कवितेतील निसर्ग भयसूचक आहे किंवा एखाद्या नाटकाचा शेवट उपरोधिक आहे, असे विधान करणाऱ्याने ते विधान कृतीतील कोणत्या शब्दांवर उभे आहे हे दाखवणे आवश्यक असते. ते शब्द कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पृष्ठावर किंवा कितव्या ओवीत आहेत, हे कळल्याशिवाय वाचकाला त्या विधानाशी सहमत होता येत नाही, तसेच त्याचे खंडनही करता येत नाही.

संदर्भलेखनाचे दुसरे प्रयोजन श्रेयनिश्चितीचे आहे. निबंधातील कोणता विचार विद्यार्थ्याचा स्वतःचा आहे आणि कोणता पूर्वसूरींचा आहे, हे त्यामुळे स्पष्ट होते. याचा लाभ पूर्वसूरींना होतो तसा विद्यार्थ्यालाही होतो. कारण उसना घेतलेला विचार उसना म्हणून दाखवला, तरच उरलेला विचार त्याचा स्वतःचा म्हणून उठून दिसतो. तिसरे प्रयोजन पुढील अभ्यासकाला वाट दाखवण्याचे आहे. चांगली संदर्भसूची ही त्या विषयाच्या वाचनाची एक छोटी मार्गदर्शिकाच असते.

== इतिहास ==

आधार सांगून लिहिण्याची प्रथा मुद्रणकलेहून जुनी आहे. संस्कृत टीकाकार व्याकरण, कोश आणि पूर्वाचार्य यांची मते नावानिशी देत असत. कालिदासाच्या काव्यांचा टीकाकार मल्लिनाथ याने आधार नसलेले काहीही लिहिणार नाही आणि अनावश्यक काहीही सांगणार नाही, अशी प्रतिज्ञाच आपल्या टीकेच्या आरंभी केली आहे. मराठीत महानुभावीय पोथ्यांमध्ये एखाद्या प्रसंगाचे निराळे कथन कोणाचे आहे, हे सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवलेले आढळते.

युरोपात मुद्रित पृष्ठाच्या समासात आणि पुढे पृष्ठाच्या तळाशी टिपा देण्याची पद्धत रूढ झाली. १६९७ साली प्रसिद्ध झालेला प्येर बेल यांचा ऐतिहासिक व चिकित्सक कोश मूळ मजकुरापेक्षा विस्तृत टिपांसाठी ओळखला जातो. एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासामुळे (१७७६–१७८८) तळटीप हा विद्वत्तापूर्ण लेखनाचा स्वाभाविक घटक मानला जाऊ लागला. लेखकाचे नाव व प्रकाशनवर्ष कंसात देण्याच्या पद्धतीचा आरंभीचा नमुना म्हणून हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या लेखाचा उल्लेख केला जातो. या पद्धतीला पुढे 'हार्वर्ड पद्धत' असे नाव मिळाले.

विसाव्या शतकात प्रकाशनसंस्था आणि विद्वत्सभा यांनी आपापल्या नियमपुस्तिका काढल्या. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची पुस्तिका १९०६ साली निघाली. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही भाषा-साहित्याच्या अध्यापकांची संस्था १८८३ साली स्थापन झाली. तिने १९५१ साली नियमपत्रक आणि १९७७ साली विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका प्रसिद्ध केली. १९८४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत या संस्थेने तळटिपांऐवजी कंसातील निर्देश आणि शेवटची सूची ही जोडी स्वीकारली. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांमध्ये आज हीच रीत सर्वाधिक परिचित आहे.

== प्रमुख पद्धती ==

* एम.एल.ए. पद्धत: मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची ही पद्धत भाषा व साहित्य या विषयांत वापरली जाते. निर्देशात लेखकाचे आडनाव आणि पृष्ठांक एवढेच देतात. उदाहरणार्थ, (नेमाडे ११२). दोहोंमध्ये स्वल्पविराम किंवा 'पृ.' हे संक्षेप नसते. २०१६ सालच्या आठव्या आवृत्तीपासून ग्रंथ, लेख, चित्रपट, संकेतस्थळ अशा प्रत्येक प्रकारासाठी वेगळा नियम देण्याऐवजी सर्वांना लागू होणारे नऊ घटक ठरवण्यात आले: लेखक, कृतीचे शीर्षक, ती ज्यात समाविष्ट आहे त्या संग्रहाचे किंवा नियतकालिकाचे शीर्षक, अन्य सहभागी व्यक्ती, आवृत्ती, क्रमांक, प्रकाशक, दिनांक आणि स्थान. येथे स्थान म्हणजे पृष्ठांक किंवा संकेतस्थळाचा पत्ता. नववी आवृत्ती २०२१ साली निघाली.

* शिकागो पद्धत: हिच्यात दोन पर्याय आहेत. इतिहास व साहित्य या विषयांत तळटिपा आणि ग्रंथसूची वापरतात, तर सामाजिक शास्त्रांत लेखक व वर्ष कंसात देतात. प्रबंधलेखनासाठी केट टुराबियन यांनी १९३७ साली तयार केलेली पुस्तिका या पद्धतीचे विद्यार्थ्यांसाठी केलेले रूप होय.

* एम.एच.आर.ए. पद्धत: ब्रिटनमधील मॉडर्न ह्युमॅनिटीज रिसर्च असोसिएशन या १९१८ साली स्थापन झालेल्या संस्थेची ही पद्धत तळटिपांवर आधारलेली आहे.

* ए.पी.ए. पद्धत: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या या पद्धतीचा उगम १९२९ सालच्या एका छोट्या लेखात आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व सामाजिक शास्त्रे यांत ती वापरतात. निर्देशात लेखकाचे आडनाव आणि वर्ष असते.

विज्ञानात आणि सामाजिक शास्त्रांत संशोधन किती अलीकडचे आहे याला महत्त्व असल्यामुळे निर्देशात वर्ष येते. साहित्याच्या अभ्यासात शब्दाचे नेमके स्थान महत्त्वाचे असते, म्हणून वर्षाऐवजी पृष्ठांक येतो. पद्धतींमधील हा भेद त्या त्या विद्याशाखेतील पुराव्याच्या स्वरूपातून निर्माण झाला आहे.

मराठीत सर्व विद्यापीठांना मान्य असलेली एकच पद्धती नाही. विभाग, मार्गदर्शक किंवा नियतकालिक यांनी सुचवलेली पद्धत वापरली जाते. तळटिपांत 'तत्रैव' (लगतच्या आधीच्या टिपेतील ग्रंथच) आणि 'उनि' (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे पूर्वी उल्लेखिलेला ग्रंथ) ही संक्षेपरूपे रूढ आहेत. त्याचप्रमाणे 'पृ.' (पृष्ठ), 'संपा.' (संपादक), 'अनु.' (अनुवादक), 'आ.' (आवृत्ती) आणि 'खं.' (खंड) हीही वापरली जातात. मसुद्यात नवी टीप मध्येच घातल्यास 'तत्रैव' चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. त्यामुळे हे संक्षेप लेखन पूर्ण झाल्यानंतर शेवटी घालणे सोयीचे ठरते.

== आवृत्तीचे महत्त्व ==

साहित्यकृतीचा संदर्भ देताना कृतीचे नाव पुरेसे नसते. वापरलेली आवृत्ती सांगावी लागते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. पुढील आवृत्त्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढल्या. अक्षरजुळणी बदलली की पृष्ठांक बदलतात. परिणामी, एका आवृत्तीचे नाव देऊन दुसऱ्या आवृत्तीचा पृष्ठांक दिला, तर वाचकाला तो मजकूर सापडत नाही.

मराठी ग्रंथांच्या मुद्रणपृष्ठावर अनेकदा पहिल्या आवृत्तीपासून शेवटच्या पुनर्मुद्रणापर्यंतची वर्षे एकाखाली एक छापलेली असतात. विद्यार्थ्याने हातातील प्रतीचे वर्ष द्यावे. पहिल्या प्रकाशनाचे वर्ष विवेचनासाठी आवश्यक असेल, तर तेही जोडीने द्यावे. १९६३ मधील कादंबरी नव्वदच्या दशकातील म्हणून मांडली गेल्यास कालखंडाविषयीचे सर्व निष्कर्ष चुकतात. जुन्या ग्रंथांवर शकवर्ष असते. शकवर्षात ७८ मिळवले असता इसवी सन मिळतो. मात्र जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसेल तर शकवर्ष जसेच्या तसे देणे अधिक सुरक्षित असते. १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांचा प्रकाशनतपशील पडताळण्यासाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उपयुक्त आहे.

आवृत्तीबरोबर लेखनपद्धतीही बदलते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले आणि 'नाहीं', 'करणें', 'कांहीं' यांसारख्या शब्दांवरील व्युत्पत्तिसिद्ध व व्याकरणिक अनुस्वार गळाले. अनेक प्रकाशकांनी जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या नव्या नियमांनुसार छापल्या. म्हणून जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने अवतरणातील अनुस्वार तसेच ठेवावेत आणि नवी आवृत्ती वापरणाऱ्याने ते पदरचे घालू नयेत. विशेषतः कवितेत ऱ्हस्व-दीर्घाचा बदल वृत्ताच्या मात्रांवर परिणाम करतो.

== पृष्ठांकाऐवजी रचनाक्रमांक ==

अनेक आवृत्त्यांत उपलब्ध असलेल्या प्राचीन व अभिजात कृतींसाठी पृष्ठांकापेक्षा कृतीच्या अंतर्गत विभागांचे क्रमांक उपयोगी पडतात. प्लेटोच्या ग्रंथांचे निर्देश आजही १५७८ सालच्या स्तेफानुस यांच्या आवृत्तीतील पृष्ठांकांनुसार केले जातात, तर ॲरिस्टॉटलचे निर्देश १८३१ पासून प्रसिद्ध झालेल्या बेकर यांच्या आवृत्तीनुसार होतात. कोणत्याही भाषेतील चांगल्या अनुवादाच्या समासात हे क्रमांक दिलेले असतात.

शेक्सपिअरच्या नाटकांसाठी अंक, प्रवेश आणि ओळ यांचे क्रमांक देतात, उदाहरणार्थ, (हॅम्लेट ३.१.५६). तथापि 'हॅम्लेट'च्या १६०३, १६०४–०५ आणि १६२३ या आरंभीच्या मुद्रणांत मोठे पाठभेद आहेत. शिवाय गद्य संवादांच्या ओळी स्तंभाच्या रुंदीनुसार कमीजास्त होतात. त्यामुळे ओळीचा क्रमांक दिला, तरी संपादकाचे नाव सूचीत असावेच लागते.

मराठीत हा प्रश्न संतसाहित्याच्या बाबतीत वारंवार उद्भवतो.

* ज्ञानेश्वरी: अध्याय व ओवी यांचा क्रमांक देतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) पाठशुद्धी केलेल्या परंपरेतील प्रती आणि वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली प्रत यांत ओव्यांची संख्या व पाठ भिन्न आहेत. पसायदान अठराव्या अध्यायाच्या शेवटी येते. परंतु त्याच्या ओव्यांचा क्रमांक सर्व प्रतींत सारखा नाही.

* तुकारामांची गाथा: विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साह्याने संपादित केलेली इंदुप्रकाश प्रत १८६९ ते १८७३ या काळात निघाली. १९५० साली तत्कालीन मुंबई सरकारने गाथा प्रकाशित केली. विष्णुबुवा जोग यांची सार्थ गाथाही प्रचारात आहे. साडेचार हजारांहून अधिक अभंगांचा क्रम प्रतीप्रतीत बदलत असल्याने केवळ 'अभंग क्र.' लिहून काम भागत नाही. कोणती गाथा, हेही सांगावे लागते.

* लीळाचरित्र: पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध, लीळेचा क्रमांक आणि संपादक यांचा निर्देश करतात.

* ख्रिस्तपुराण: गोव्यात रचलेले फादर स्टीफन्स यांचे हे काव्य १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याची रोमन लिपीतील १९०७ सालची मंगळूर आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली १९५६ सालची देवनागरी आवृत्ती अभ्यासक वापरतात. पहिले किंवा दुसरे पुराण, अवस्वरू (अध्याय) आणि ओवी या क्रमाने निर्देश केला जातो.

* महाभारत: पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीनुसार पर्व, अध्याय व श्लोक यांचे क्रमांक देतात. प्रचलित आवृत्तीतील एखादा लोकप्रिय श्लोक चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नसून तळटिपेत किंवा परिशिष्टात असू शकतो.

== अवतरणे ==

मूळ शब्द जसेच्या तसे घेतल्यास ते अवतरणचिन्हांत ठेवतात. एम.एल.ए. पद्धतीनुसार निबंधात चार ओळींपेक्षा अधिक जागा व्यापणारे गद्य आणि तीनपेक्षा अधिक ओळींचे काव्य स्वतंत्र परिच्छेदात, डावीकडे अर्धा इंच जागा सोडून आणि अवतरणचिन्हांशिवाय देतात. कवितेच्या दोन-तीन ओळी वाक्यातच घेताना ओळींच्या मध्ये तिरपी रेघ (/) आणि कडव्यांच्या मध्ये दुहेरी रेघ (//) देतात. वगळलेल्या शब्दांच्या जागी तीन टिंबे येतात. अभ्यासकाने घातलेला शब्द चौकटी कंसात येतो. मूळ चूक तशीच ठेवली असल्यास तिच्यापुढे कंसात 'मूळ पाठ असाच' अशी खूण करता येते. शब्द वगळताना मूळ अर्थ उलटणार नाही, याची जबाबदारी अवतरण देणाऱ्यावर असते.

अवतरण आपणहून काही सिद्ध करत नाही. ते कोण बोलते व कोणत्या प्रसंगी बोलते, हे त्याच्याआधी सांगावे. त्यातील कोणता शब्द निबंधाच्या मुद्द्याला आधार देतो, हे त्याच्यानंतर दाखवावे. पात्राचे किंवा निवेदकाचे विधान हे लेखकाचे मत म्हणून उद्धृत करणे ही विद्यार्थ्यांच्या निबंधांत वारंवार आढळणारी चूक आहे.

दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला, तरी निर्देश आवश्यक असतो. समजा, व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीतील दुष्काळ ही नुसती पार्श्वभूमी नसून कथेला वळण देणारी शक्ती आहे, असे मत एका समीक्षकाने मांडले आहे. 'दुष्काळ ही केवळ पार्श्वभूमी नव्हे, तर कथानकाला कलाटणी देणारी ताकद आहे' असे लिहून निर्देश न देणे हे वाङ्मयचौर्य होय, कारण शब्द बदलले असले तरी विचार व वाक्याची घडण दोन्ही उसनी आहेत. समीक्षकाचे नाव घेऊन ते मत सांगणे, पृष्ठांक देणे आणि त्यानंतर कादंबरीच्या अखेरीस गाव सोडून जाणाऱ्या माणसांच्या वर्णनावरून ते मत कितपत टिकते हे स्वतः तपासणे, ही योग्य रीत होय. याउलट, कादंबरीचे प्रकाशनवर्ष किंवा लेखकाचे नाव यांसारख्या सर्वज्ञात व निर्विवाद गोष्टींना निर्देशाची गरज नसते.

एखादे मत मूळ ग्रंथात न वाचता दुसऱ्याच्या ग्रंथात उद्धृत केलेले वाचले असेल, तर तसे स्पष्ट सांगतात: मूळ लेखकाचे नाव वाक्यात येते आणि निर्देशात प्रत्यक्ष वाचलेल्या ग्रंथाचे नाव 'मध्ये उद्धृत' या शब्दांसह येते. न वाचलेला ग्रंथ वाचल्यासारखा दाखवणे अप्रामाणिक तर आहेच, शिवाय मधल्या लेखकाची चूक त्यामुळे पुढच्या निबंधात जशीच्या तशी उतरते.

== संदर्भसूची ==

संदर्भसूची स्वतंत्र पृष्ठावर सुरू होते. नोंदी आडनावांच्या वर्णक्रमाने लावतात. नोंदीची पहिली ओळ समासापासून आणि पुढील ओळी अर्धा इंच आत सुरू होतात. एम.एल.ए. पद्धतीचे घटक मराठीत पुढीलप्रमाणे मांडता येतात.

* मूळ ग्रंथ: पवार, दया. 'बलुतं'. ग्रंथाली, १९७८.
* अनुवादित ग्रंथ: नेमाडे, भालचंद्र. 'ककून'. अनु. सुधाकर मराठे, मॅकमिलन इंडिया, १९९७.
* संग्रहातील लेख: लेखकाचे आडनाव, नाव. 'लेखाचे शीर्षक'. 'संग्रहाचे शीर्षक', संपा. संपादकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृ. आरंभ–अखेर.
* नियतकालिकातील लेख: लेखकाचे आडनाव, नाव. 'लेखाचे शीर्षक'. 'नियतकालिकाचे नाव', वर्ष (खंड), अंक, महिना व सन, पृ. आरंभ–अखेर.

इंग्रजीत ग्रंथनामे तिरप्या अक्षरांत देतात. देवनागरीत तिरपे वळण परंपरेने रूढ नसल्याने मराठी मुद्रणात ग्रंथनामे बहुधा एकेरी अवतरणचिन्हांत येतात. ग्रंथनाम व लेखनाम यांत भेद दाखवायचा असेल, तर ग्रंथनाम ठळक करण्याचा पर्याय आहे. जो पर्याय निवडला तो अखेरपर्यंत पाळावा लागतो.

मराठी लेखकांची टोपणनावे सूची करताना अडचण निर्माण करतात. वि. वा. शिरवाडकर यांनी कविता 'कुसुमाग्रज' या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. राम गणेश गडकरी हे कवी म्हणून 'गोविंदाग्रज' आहेत, तर चिं. त्र्यं. खानोलकर हे 'आरती प्रभू' आहेत. ग्रंथावर जे नाव छापलेले असेल तेच नोंदीत द्यावे आणि आवश्यक तेथे दुसरे नाव चौकटी कंसात जोडावे, ही सोयीची रीत आहे. 'केशवसुत', 'ग्रेस', 'बालकवी' यांसारख्या नावांत आडनाव नसल्याने ती अखंड ठेवून वर्णक्रमात लावतात. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्या नोंदींतही तसेच करतात. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरे 'क' व 'ज' यांच्या गटात घ्यायची की वर्णमालेच्या शेवटी, हे सूची करण्याआधीच ठरवावे लागते.

दिवाळी अंकांतील साहित्याला अनेकदा महिन्याऐवजी केवळ 'दिवाळी' आणि सन एवढाच तपशील असतो. तो तसाच द्यावा. अंकात आलेली कथा पुढे संग्रहात घेताना लेखकाने फेरफार केलेले असू शकतात. म्हणून अंकातील पाठ वाचला असेल तर अंकाचा आणि संग्रहातील पाठ वाचला असेल तर संग्रहाचा संदर्भ द्यावा.

== आंतरजालावरील आधार ==

आंतरजालावरील मजकुराच्या नोंदीत लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, दिनांक आणि पत्ता येतो. मजकूर बदलण्याची शक्यता असल्यास तो पाहिल्याचा दिनांकही देतात. संशोधनपर लेखाला कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक असेल तर तो पत्त्यापेक्षा अधिक टिकाऊ असतो. जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती वापरताना पडद्यावर दिसणारा पानाचा क्रमांक आणि ग्रंथावर छापलेला पृष्ठांक यांत फरक असतो. निर्देशात छापील पृष्ठांक द्यावा.

कविता व सुभाषिते यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक असते. समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर नामवंत लेखकांच्या नावावर खपवला जातो आणि प्रसिद्ध कवितांच्या ओळी बदललेल्या स्वरूपात आढळतात. छापील संग्रहात सापडेपर्यंत अशी ओळ कोणाच्याही नावावर उद्धृत करू नये. मुक्त ज्ञानकोशातील लेख विषयाची तोंडओळख करून घेण्यासाठी व मूळ ग्रंथांकडे जाण्यासाठी उपयोगी पडतात. साहित्यविषयक विधानाचा अंतिम पुरावा म्हणून ते पुरेसे नसतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संवादसाधने अस्तित्वात नसलेले ग्रंथ, लेख आणि पृष्ठांक खऱ्यासारखे वाटतील अशा रूपात देऊ शकतात. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा साधनाला लेखक मानू नये. त्याने तयार केलेला मजकूर वापरल्यास तसे नमूद करावे आणि त्याने सांगितलेले आधार स्वतः तपासावेत. ग्रंथ हातात घेऊन किंवा त्याची छायाप्रत उघडून ते पृष्ठ पाहिले नसेल, तर ती नोंद सूचीत घालू नये.

== निबंधाची मांडणी ==

एम.एल.ए. पद्धतीत पृष्ठाच्या चारही बाजूंना एक इंच (२.५४ सें.मी.) समास आणि ओळींमध्ये दुप्पट अंतर ठेवतात. पहिल्या पृष्ठावर डावीकडे विद्यार्थ्याचे नाव, अध्यापकाचे नाव, अभ्यासक्रम व दिनांक येतो. शीर्षक मध्यभागी असते आणि ते अधोरेखित करत नाहीत. प्रत्येक पृष्ठाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात आडनाव व पृष्ठांक असतो. दुप्पट अंतर आणि रुंद समास यांमुळे तपासणाऱ्याला शेरे लिहिण्यास जागा मिळते. देवनागरीसाठी युनिकोड टंक वापरल्यास मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताना अक्षरे बिघडत नाहीत व शोधता येतात. एकाच निबंधात देवनागरी व रोमन अंकांची सरमिसळ टाळतात.

== वाङ्मयचौर्य आणि कायदा ==

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधातील मजकुराचे अन्य लेखनाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्यासाठी नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. गृहपाठ, सत्रनिबंध व उत्तरपत्रिका या विनियमांच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याबाबत संस्थेचे स्वतःचे नियम लागू होतात. साम्याची टक्केवारी संगणकप्रणाली मोजते. परंतु शब्द बदलून घेतलेला विचार तिला नेहमीच ओळखता येत नाही. म्हणून कमी टक्केवारी हा प्रामाणिकपणाचा पुरावा ठरत नाही.

वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग या दोन वेगळ्या बाबी आहेत. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ याच्या कलम ५२ नुसार संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण यांसाठी साहित्यकृतीचा रास्त वापर करता येतो. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार असतो. ज्ञानेश्वरीच्या मूळ संहितेवर कोणाचाही प्रताधिकार नाही. तरीही तिच्यातील ओवी स्वतःची म्हणून देणे हे वाङ्मयचौर्यच ठरते. याउलट, हयात कवीची संपूर्ण कविता नाव देऊन छापली, तर श्रेय दिले जाते, पण परवानगीचा प्रश्न उरतो.

== सामान्य चुका ==

संदर्भलेखनातील बहुतेक चुका लेखनाच्या शेवटी सूची करण्याच्या सवयीतून होतात. वाचताना पृष्ठांक नोंदवलेला नसतो, ग्रंथ ग्रंथालयात परत गेलेला असतो आणि मग अंदाजाने आकडा घातला जातो. यावर उपाय म्हणून टिपण काढतानाच लेखक, ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठांक लिहिणे आणि मूळ शब्द अवतरणचिन्हांत ठेवणे उपयुक्त ठरते. तसे न केल्यास काही आठवड्यांनंतर टिपणातील कोणते वाक्य ग्रंथातील आणि कोणते स्वतःचे, हे विद्यार्थ्यालाच ओळखता येत नाही. हेतू नसताना घडणाऱ्या वाङ्मयचौर्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

निर्देशात असलेला ग्रंथ सूचीत नसणे, सूचीतील ग्रंथाचा निबंधात कोठेही उपयोग न करणे, दोन पद्धतींची सरमिसळ करणे, संपादकाला लेखक समजणे, अनुवादकाचे नाव वगळणे आणि एकाच लेखकाचे नाव दोन प्रकारे लिहिणे या इतर नेहमीच्या चुका होत. निबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक निर्देश सूचीशी आणि प्रत्येक अवतरण मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्यास त्यांतील बहुतेक टाळता येतात.